जमिनीत अडकलेले स्फुरद आणि ते सोडविणारी बुरशी

हरभरा फुलोऱ्यातून घाट्यावर येऊ लागला म्हणजे पहाटे त्याच्या शेतातून चालणाऱ्या मनुष्याचे पाय ओले होतात आणि थोड्या वेळाने त्यांस चुणचुण लागते, हे ईटच्या शिवारातील शेतकऱ्यास सांगावयास नको. ही हरभऱ्याची आंब होय. पूर्वी घरोघरच्या वडीलधाऱ्या बाया रात्री पिकावर स्वच्छ पातळ फडके पसरून ठेवीत, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरीत आणि अजीर्ण झाल्यास किंवा पोट दुखल्यास थेंब-थेंब देत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या आंबेत मुख्यत्वे मॅलिक व ऑक्झॅलिक ही दोन आम्ले असतात. पानांवरील बारीक केसांतून हरभरा ती बाहेर टाकतो.

पानांवर जे घडते ते आपल्या डोळ्यांस दिसते. परंतु तशीच आंब जमिनीच्या पोटातही तयार होत असते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. हरभऱ्याची मुळे मॅलॉनिक, सायट्रिक इत्यादी आम्ले मातीत सोडतात; आणि मातीतील कित्येक जातींच्या बुरशी तर हेच काम अहोरात्र करितात. या आंबेच्या योगाने जमिनीत दगडाप्रमाणे घट्ट होऊन बसलेले स्फुरद थोडे थोडे सुटते व पिकास मिळते. ते कसे सुटते, किती सुटते, आणि त्यावर शेतकऱ्याने किती भरवसा ठेवावा, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विचार आताच करण्याचे कारण असे की, बी-बियाण्यांच्या दुकानांतून स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंच्या व बुरशीच्या पुड्या आणि बाटल्या आता सर्रास विकल्या जातात. कोणी सांगतो, एवढी एक पुडी बियाण्यास चोळा आणि डी.ए.पी.चे पोते घेणे सोडून द्या. दुसरा म्हणतो, हे सारे थोतांड आहे. पैसे मातीत घालू नका. पहिल्याचे ऐकणाऱ्याचे पीक बुडण्याचा संभव आहे. दुसऱ्याचे ऐकणारा आपल्याच जमिनीतील ठेव वापरावयाची संधी गमावतो. सबब खरे काय ते समजून घेणे हिताचे आहे.

पेव भरलेले, पण तोंड बंद

ईट हे भूम तालुक्यातील गाव बालाघाटाच्या टापूत आहे. या सर्व टापूत खाली काळा फत्तर पसरलेला आहे. त्याच्या झिजेतून माळावरची हलकी मुरमाड जमीन आणि ओढ्याकाठची खोल काळी जमीन अशा दोन्ही तऱ्हा झाल्या. या फत्तरात अॅपटाइट नावाचे खनिज अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने असते. अॅपटाइट म्हणजे चुना व स्फुरद यांचा घट्ट संयोग. अर्थात आमच्या जमिनीत स्फुरद मुळातच नाही असे नाही. सर्वसाधारण जमिनीत ते वजनाच्या शेकडा ०.०५ च्या आसपास आढळते. एक एकर जमिनीतील वरच्या अर्ध्या फुटाची माती सुमारे ९ लाख किलो भरते. त्या हिशेबाने एकरी सुमारे ४५० किलो स्फुरद जमिनीत पडून आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. याच जमिनीचे माती-परीक्षण केले असता पिकास घेता येईल असे स्फुरद एकरी ४ किलोहूनही कमी निघू शकते, व तशी जमीन परीक्षणात ‘कमी’ या वर्गात धरली जाते. ४५० कोठे आणि ४ कोठे! पूर्वी आपल्याकडे धान्य पेवात भरून त्याचे तोंड मातीने लिंपून टाकीत. पेव धान्याने भरलेले असूनही तोंड उघडल्यावाचून घरात एक भाकर होत नसे. आमच्या जमिनीतील स्फुरदाची स्थिती अगदी अशीच आहे.

तोंड बंद होण्याचे कारण असे. वनस्पतीस स्फुरद पाण्यात विरघळलेल्या स्थितीतच घेता येते. आमच्या काळ्या जमिनी बहुधा चुनखडीच्या असून त्यांचा सामू ७.५ ते ८.५ किंवा त्याहूनही वर असतो. अशा जमिनीत विरघळलेल्या स्फुरदास चुना तत्काळ गाठतो. प्रथम थोडासा विरघळणारा, मग त्याहून कमी विरघळणारा आणि अखेर अॅपटाइटसारखा जवळजवळ न विरघळणारा पदार्थ, अशा पायऱ्यांनी ते दगड होत जाते. मातीतील पाण्यात एका वेळी जे स्फुरद असते, ते लिटरमागे एक मिलिग्रॅमचा बहुधा दशांश किंवा त्याहूनही कमी भरते.

पोत्यातून घातलेल्या स्फुरदाची गतही हीच होते. डी.ए.पी.च्या ५० किलोच्या पोत्यावर स्फुरद शेकडा ४६, म्हणजे २३ किलो लिहिलेले असते. हा आकडा ऑक्साइडच्या हिशेबाने असतो. शुद्ध मूलद्रव्य सुमारे १० किलो. यांपैकी पहिल्या पिकास साधारणतः शेकडा १० ते २५ एवढाच भाग लाभतो. बाकीचे नाहीसे होत नाही व पाण्याबरोबर फारसे खोलही जात नाही. ते चुन्याच्या मिठीत सापडून त्याच जागी बसते. ज्यांनी वर्षानुवर्षे पोती घातली, त्यांच्या जमिनीत ही ठेव साचलेली आहे. मात्र पावसाच्या लोंढ्याने वरची माती वाहिली, तर मातीबरोबर ही ठेवही ओढ्याला जाते. यास्तव बांधबंदिस्तीचा विचार हा स्फुरदाचाही विचार आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बुरशी हे कुलूप कसे उघडते

बुरशी म्हटली की शिळी भाकरी किंवा सडके फळ मनात येते. कांद्याची साल काढताना आत जी काजळीसारखी काळी भुकटी हातास लागते, ती अॅस्परजिलस नायगर नावाची बुरशी होय. मोसंबीवर किंवा लिंबावर जो हिरवा-निळा लेप चढतो, तो पेनिसिलियम नावाच्या कुळातील बुरशीचा. जमिनीतील स्फुरद सोडविण्याचे काम करणाऱ्यांत हीच दोन कुळे अग्रेसर आहेत. फळावर ती शत्रू. मातीत ती कामकरी.

या बुरशी आम्ल करितात हे ज्ञान जुने आहे. जर्मन शास्त्रज्ञ वेमर यांनी १८९३ साली पेनिसिलियमच्या वर्गातील बुरशी साखरेपासून सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातील आंबट द्रव्य, तयार करते असे दाखविले. १९१७ साली अमेरिकेत करी यांनी अॅस्परजिलस नायगर हे काम फार मोठ्या प्रमाणावर करते असे सिद्ध केले. आणि आज सरबतांत व औषधांत वापरले जाणारे सायट्रिक आम्ल बहुतेक याच काळ्या बुरशीकडून कारखान्यात करवून घेतात. कारखान्याच्या टाकीत जी बुरशी साखर खाऊन आम्ल देते, तिचीच भावंडे शेतातील कुजलेल्या पाल्यावर जगून मातीत आम्ल सोडतात.

या आम्लाचे कार्य तीन प्रकारांनी होते.

पहिला प्रकार सरळ आहे. आम्लाच्या स्पर्शाने चुना-स्फुरदाचा दगड झिजतो, जसा लिंबाच्या रसाने चुना झिजतो. बुरशी जेव्हा अमोनियाच्या रूपातील नत्र खाते, तेव्हाही ती त्याच्या बदल्यात आम्लता बाहेर टाकते. म्हणून आम्ल निराळे न केले तरी थोडे काम होते.

दुसरा प्रकार पकडीचा आहे. सायट्रिक आम्लाचा कण खेकड्याच्या नांग्यांप्रमाणे चुन्यातील कॅल्शियमला आवळून धरतो. कॅल्शियम असा धरला गेला म्हणजे त्याच्या मिठीतील स्फुरद मोकळे होते. ऑक्झॅलिक आम्ल तर कॅल्शियमशी मिळून न विरघळणारे खडे बनविते. त्यामुळे तो कॅल्शियम स्फुरदास पुन्हा गाठण्यास शिल्लक राहत नाही.

तिसरा प्रकार निराळ्या ठेवीसाठी आहे. जमिनीतील स्फुरदाचा मोठा भाग खनिजात नसून कुजलेल्या पाल्यात, शेणात व मेलेल्या जीवजंतूंत असतो. धान्याच्या दाण्यात ते फायटिक आम्लाच्या रूपाने साठविलेले असते. तेथे आम्लाचा उपयोग होत नाही. त्यासाठी बुरशी फॉस्फटेज, फायटेज या नावांची पाचक द्रव्ये सोडते. कोंबड्यांच्या खाद्यात दाण्यातील स्फुरद पचावे म्हणून जे फायटेज मिसळतात, तेही अशाच बुरशीपासून मिळवितात.

कोणती बुरशी हे काम करते हे ओळखण्याची युक्ती रशियन संशोधिका पिकोव्हस्काया यांनी १९४८ साली प्रसिद्ध केली. साखर व इतर अन्न असलेल्या घट्ट रसात न विरघळणारे कॅल्शियम फॉस्फेट मिसळले की तो दुधासारखा पांढरा होतो. त्यावर मातीतील जीव वाढवावे. ज्याच्या अंगी विरघळविण्याची शक्ती असेल, त्याच्याभोवती पांढरेपणा जाऊन स्वच्छ वलय पडते. भारतातही या दिशेने काम झाले. नवी दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेत डॉ. ए. सी. गौर व त्यांचे सहकारी यांनी अॅस्परजिलस अवामोरी या बुरशीचा व काही जीवाणूंचा अभ्यास करून ती खतांत वापरण्याच्या रीती बसविल्या.

बशीतील विजय आणि शेतातील झुंज

येथपर्यंतचे वर्णन वाचून कोणासही वाटेल की मग प्रश्न सुटला. बुरशी आणावी व शेतात सोडावी. परंतु बशीतील दुधाळ रस आणि ईटच्या शिवारातील माती यांत मोठे अंतर आहे.

बशीत बुरशीला भरपूर साखर मिळते, ओल असते व स्पर्धा करणारा दुसरा जीव नसतो. शिवाय तेथे घातलेले कॅल्शियम फॉस्फेट हे जमिनीतील अॅपटाइटपेक्षा पुष्कळच सहज विरघळते. उलट शेतात अन्न तुटपुंजे, ओल थोडे दिवस आणि मूळच्या जीवांची गर्दी दाट असते.

सर्वांत मोठा अडथळा मोकळ्या चुन्याचा. एखाद्या जमिनीत शेकडा ५ चुना आहे असे धरा. एकरातील अर्धा फूट मातीत तो ४५,००० किलो, म्हणजे ४५ टन झाला! बुरशीने केलेले आम्ल स्फुरदाच्या दगडाशी पोहोचण्यापूर्वीच या चुन्यावर खर्ची पडते. वाचकांनी हे स्वतः पाहावे. शेतातील चुनखडीचा खडा घेऊन फोडावा व त्यावर लिंबू पिळावे. बुडबुडे येतील आणि थोड्याच वेळात रसाचा आंबटपणा मरेल. ‘आमच्या पुडीने जमिनीचा सामू उतरतो’ असे जो सांगतो, त्याला हा ४५ टनांचा हिशेब विचारावा. बुरशी साऱ्या शेताचा सामू बदलू शकत नाही. तिचे तंतू ज्या कणास चिकटतात त्या कणाभोवतीच्या केसाएवढ्या जागेत ती आपले काम उरकते. काम खरे आहे, पण ते तेवढ्या जागेतले आहे.

याचा दाखला कॅनडा देशात मिळतो. तेथील लेथब्रिज येथे कूसी नावाच्या शास्त्रज्ञाने पेनिसिलियम बिलाई ही बुरशी १९८० नंतरच्या दशकात अभ्यासिली. ती त्या प्रांताच्या चुनखडीच्या मातीतच सापडली होती व गव्हास तिचा लाभ होतो असे आरंभीच्या प्रयोगांत दिसले. पुढे ती बाजारात आली. त्यानंतर निरनिराळ्या शेतांवर जे प्रयोग झाले, त्यांत कोठे लाभ दिसला, तर पुष्कळ ठिकाणी उत्पन्नात फरक पडला नाही. बुरशी तीच, गहूही तोच. जमीन, ओल व आधीची ठेव मात्र निराळी.

आपल्या देशातही १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ साली जैविक खतांचा समावेश झाला. स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंच्या भुकटीत प्रतिग्रॅम ५ कोटी जिवंत जीवाणू असावेत, व बशीतील वलय किमान ५ मिलिमीटर असावे, असे बंधन आहे. यामुळे मेलेली पुडी विकणाऱ्यावर वचक बसतो, हे चांगलेच आहे. तथापि हे बंधन बशीतील वलयाचे आहे. तुमच्या शेतातील उत्पन्नाची हमी त्यात नाही. तसेच ‘पी.एस.बी.’ असे लिहिलेल्या पुडीत जीवाणू असतात, बुरशी नव्हे, हेही ध्यानी ठेवावे.

मुळांशी सख्य करणारी बुरशी

आतापर्यंत सांगितलेल्या बुरशी मातीत स्वतंत्र जगणाऱ्या आहेत. दुसरा एक वर्ग असा आहे की जो जिवंत मुळावाचून जगूच शकत नाही. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी अशा बुरशी-मुळाच्या जोडीस मायकोरायझा हे नाव दिले. आमची ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन, उडीद, कांदा ही सर्व पिके या वर्गातील बुरशीशी सख्य करितात.

या बुरशीचे काम स्फुरदाचा दगड फोडण्याचे फारसे नसून सुटलेले स्फुरद वाहून आणण्याचे आहे. स्फुरद मातीत फार मंद सरकते. पिकाच्या साऱ्या आयुष्यात काही मिलिमीटरच. त्यामुळे मूळ आपल्या लगतचे स्फुरद खाऊन टाकते आणि भोवती रिकामे कडे पडते. मुळाच्या केसाहूनही बारीक असा बुरशीचा तंतू हे रिकामे कडे ओलांडून कित्येक सेंटिमीटर पुढे जातो, जेथे मूळ शिरू शकत नाही अशा फटीत शिरतो आणि तेथले स्फुरद मुळास आणून देतो. मोबदला म्हणून वनस्पती त्याला साखर देते. बलुतेदार व शेतकरी यांच्यासारखाच हा व्यवहार आहे. खळ्यावर धान्य मिळाले नाही, तर बलुतेदार काम करणार नाही.

म्हणजे स्वतंत्र बुरशी पेवाचे तोंड उकरते आणि मुळांवरची बुरशी धान्य घरापर्यंत आणते. एकीचे काम दुसरीवाचून अर्धे राहते.

या सख्यास बाधा आणणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली, स्फुरदाचा फाजील डोस; पिकास आयते स्फुरद मिळाले की ते बुरशीस साखर देणे कमी करिते. दुसरी, कोबी, मोहरी, पालक यांसारखी पिके. ही पिके या बुरशीशी सख्य करीत नाहीत, सबब त्यांच्यानंतर जमिनीत ती कमी आढळते. तिसरी गोष्ट म्हणजे जमीन दीर्घ काळ उघडी पडणे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात आमच्यासारख्याच काळ्या जमिनी आहेत. तेथे वर्षभराहून अधिक काळ जमीन नांगरून मोकळी ठेवली, तर ओल व नत्र पुरेसे असूनही पुढील पीक खुरटते असा अनुभव होता. थॉम्पसन यांनी १९८७ साली याचे कारण दाखविले: जिवंत मुळे न मिळाल्याने ही बुरशी मरते, व पीक स्फुरद आणि जस्त यांस मुकते. आमच्याकडे रब्बी ज्वारीसाठी खोल जमीन पावसाळाभर मोकळी ठेवण्याची चाल आहे. तो काळ तितका दीर्घ नसल्यामुळे तेवढी हानी होईल असे नाही. तथापि ज्या साली ओलीचा भरवसा असेल, त्या साली मूग किंवा उडीद यांचे लवकर निघणारे पीक घेतल्यास बुरशीस मूळ मिळते व जमिनीवर छाया राहते.

बुरशीचे खाणे आणि आमच्या गोवऱ्या

आता या विषयातील मुख्य गोष्टीकडे वळतो. बुरशी आम्ल कशापासून करते? साखरेपासून, आणि ती साखर तिला मिळते पालापाचोळा, धसकटे, शेण व मुळे यांतून. ज्या जमिनीत खाण्यास काही नाही, तेथे पुडीतून शंभर कोटी बुरशी सोडल्या तरी त्या उपासमारीने मरतात. आणलेल्या गड्यास भाकरी न देता विहीर खणावयास लावण्यासारखेच ते आहे.

भूम तालुका खव्यासाठी नावाजलेला आहे. जेथे दूध तेथे जनावरे, आणि जेथे जनावरे तेथे शेण. परंतु या शेणाचा एक भाग गोवऱ्या होऊन चुलीत जातो. येथे एक बारीक गोष्ट समजून घ्यावी. गोवरी जाळली तरी तिच्यातील स्फुरद जळत नाही. ते राखेत राहते. जळून जाते ते नत्र आणि बुरशीचे खाणे. म्हणून राख शेतात टाकली तरी शेणखताचे काम होत नाही; ठेव परत येते, पण ती सोडविणारा गडी येत नाही. शिवाय राख स्वतः अल्कधर्मी असल्याने चुनखडीच्या जमिनीत तिचा जपून उपयोग करावा.

याच्या उलट चूकही टाळावी. कच्चे धसकट किंवा तुराट्यांचा भुगा जमिनीत गाडल्यास त्यात कर्ब फार व स्फुरद थोडे असते. कर्ब स्फुरदाच्या ३०० पटींहून अधिक असेल, तर बुरशी मातीतील सुटे स्फुरदही आपल्या अंगात ओढून घेते आणि पीक काही काळ उपाशी राहते. हे प्रमाण २०० पटींच्या खाली आले म्हणजे स्फुरद पिकासाठी सुटू लागते. म्हणून आधी उकिरड्यात कुजवावे, मग शेतात घालावे, ही वाडवडिलांची रीत शास्त्रास धरूनच आहे.

शेतकऱ्याने काय करावे

वरील विवेचनावरून आमच्या मते पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

१. प्रथम माती तपासून घ्यावी. चुनखडीच्या जमिनीसाठी ओल्सेन यांनी १९५४ साली बसविलेली सोडियम बायकार्बोनेटची रीत योग्य आहे. परीक्षणात स्फुरद ‘जास्त’ आले, तर स्फुरदाचे पोते कमी करण्यास व जमिनीतील ठेवीवर विसंबण्यास जागा आहे. ‘कमी’ आले, तर केवळ पुडीवर विसंबून पोते बंद करू नये. बुरशी स्फुरद निर्माण करीत नाही. ती असलेले सोडविते. ठेवीतून केवळ काढीत राहिले, तर पेव एक दिवस रिते होणारच.

२. रासायनिक स्फुरद द्यावयाचे ते विखरून न टाकता पेरणीच्या वेळी बियाण्याजवळ, किंचित खाली व बाजूस पडेल असे द्यावे. थोड्या मातीशी संबंध आला म्हणजे चुन्याच्या तावडीत कमी सापडते.

३. रॉक फॉस्फेट स्वस्त मिळते म्हणून ते आमच्या चुनखडीच्या जमिनीत सरळ टाकू नये. तेथे ते दगडच राहते. ते उकिरड्यात शेण व काडीकचऱ्याच्या थरांत मिसळून, ओल राखून, बुरशीचे विरजण घालून कुजवावे. उकिरड्यात चुन्याचा अडथळा थोडा व बुरशीस खाणे विपुल. आंबेचा परिणाम होण्यास याहून चांगली जागा नाही. मिसळण्याचे प्रमाण कृषी विज्ञान केंद्रास विचारून ठरवावे. हाडांच्या चुऱ्यासही हीच रीत लागू आहे.

४. पी.एस.बी.ची भुकटी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या मानाने गुळाच्या थंड पाण्यातून चोळावी, बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावून सुकू द्यावे. बुरशीचेच संवर्धक असेल, तर बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यास ते चोळणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय; ते शेणखतातून तासात द्यावे. पुडीवरील मुदत पाहावी. उन्हात ठेवलेली पुडी घेऊ नये. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे याविषयी सल्ला मिळतो.

५. पिकांच्या फेरपालटीत हरभऱ्यास स्थान द्यावे. येथे एक सावधगिरी सांगतो. हैदराबादनजीक पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या कामावरून १९९० साली असे प्रसिद्ध झाले की तुरीच्या मुळांतील पिसिडिक आम्ल लोहाशी बांधलेले स्फुरद सोडविते. तो गुण तांबड्या जमिनीत विशेष उपयोगी पडतो. आमच्या काळ्या जमिनीत स्फुरद मुख्यतः चुन्याशी बांधलेले असते. तेथे हरभऱ्याच्या मुळांची आंब अधिक कामाची. दुसऱ्या जमिनीवरचे यश डोळे मिटून आपल्या जमिनीवर आणू नये.

शेवटी एक विनंती. कोणाच्याही सांगण्यावर, आमच्याही, संपूर्ण शेत पणास लावू नये. एका सारख्या जमिनीत प्रत्येकी पाच तासांचे चार पट्टे पाडावे: पहिला काहीही न घातलेला, दुसरा केवळ पुडीचा, तिसरा केवळ शेणखताचा, चौथा शेणखत व पुडी दोन्हींचा. बियाणे एक, पेरणीचा दिवस एक, कोळपणी एक. शेताच्या दुसऱ्या टोकास हेच चार पट्टे क्रम बदलून पुन्हा पाडावे, म्हणजे जमिनीतील उंच-सखलपणाने फसगत होणार नाही. खळ्यावर प्रत्येक पट्ट्याचे धान्य निरनिराळे मोजावे. शेणखताच्या पट्ट्याहून चौथ्या पट्ट्यात जे अधिक निघेल, तेवढेच पुडीचे श्रेय. त्याची किंमत पुडीच्या किमतीशी ताडून पाहावी.

असे पट्टे ईटच्या माळावर एकाने व ओढ्याकाठी दुसऱ्याने पाडले, तर एका हंगामात गावास स्वतःचे उत्तर मिळेल, आणि ते कोणत्याही दुकानाच्या जाहिरातीहून अधिक खरे असेल. ज्यांचे पट्टे साधतील त्यांनी वजने मंडळाकडे अवश्य पाठवावी. ज्यांचे साधणार नाहीत त्यांनी तर त्याहूनही अगत्याने पाठवावी. कोठे लाभ होत नाही हे कळले, तर दहा शेतकऱ्यांचा पैसा वाचेल.